क्रेडिट कार्डाची थकबाकी, वसुलीवाल्यांचे फोन आणि कोर्टाच्या धमक्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्डाचं बिल दोन-तीन महिने तुंबलं की फोन सुरू होतात. आधी गोड, मग कडक, मग "संध्याकाळी पोलीस घेऊन येतो." त्यानंतर व्हॉट्सॲपवर लाल अक्षरांतली नोटीस. यात खरं काय आणि नुसता दम काय, हे कळत नाही. मग कुणी घाबरून बायकोचे दागिने मोडतं आणि त्याच दिवशी एजंटच्या खात्यात पैसे टाकतं. कुणी सिम बदलतं आणि कोर्टाचं समन्ससुद्धा न उघडता कपाटात सारतं. फोनला फार भ्यायचं कारण नाही, पण कोर्टाच्या कागदाला हलकं घ्यायचं नाही. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

ही माहिती भारतातल्या बँकांच्या विनातारण क्रेडिट कार्डांबद्दल आहे. गृहकर्ज, वाहनकर्ज, सोनेतारण यांचे नियम वेगळे. आणि खर्च तुम्हीच केला असेल तर पैसे तुम्ही देणं लागता, हे गृहीत धरूनच पुढे वाचा.

बिल भरलं नाही म्हणून अटक होते का?

नाही. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. बँकेला पैसे हवे असतील तर तिने दिवाणी कोर्टात दावा लावायचा किंवा लवादाकडे, म्हणजे करारानुसार कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्याकडे, जायचं. पोलीस ठाणं हे वसुलीचं ऑफिस नाही.

"फसवणुकीचा गुन्हा दाखल करतो" ही धमकी सर्रास दिली जाते. फसवणुकीसाठी कार्ड घेतानाच बुडवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. खोटी सॅलरी स्लिप किंवा दुसऱ्याचं पॅन कार्ड जोडून कार्ड काढलं असेल तर प्रकरण खरंच फौजदारी होईल. पण चार वर्षं नीट बिल भरलं, मग नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं आणि हप्ते थांबले, याला फसवणूक म्हणत नाहीत.

कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा दाव्याचा अंतिम निकाल, झाल्यावरही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. ऐपत असूनही कुणी अप्रामाणिकपणे टाळत असेल तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं सांगतं.

मग चेक बाउन्सचं काय? त्यात तर शिक्षा असते.

असते, आणि लोक नेमके इथेच अडकतात. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापायची मंजुरी दिली असेल आणि शिल्लक नसल्यामुळे तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ जवळजवळ तसंच लागू होतं.

कार्ड घेताना आपण सहसा चेक दिलेला नसतो. तो मागितला जातो नंतर, "साहेब, सेटलमेंट मंजूर झालंय, फक्त पुढच्या तारखांचे सहा चेक द्या" असं सांगून. त्यातला एक जरी परत गेला की कालपर्यंत दिवाणी असलेलं प्रकरण फौजदारी कोर्टात जाऊन बसतं. तडजोडीची रक्कम हप्त्यांनी भरायची असेल तर प्रत्येक हप्ता स्वतः, नेट बँकिंगने किंवा शाखेत जाऊन भरा. पुढच्या तारखेचे चेक देऊ नका. दिलेच असतील तर त्या तारखांना खात्यात पैसे हवेतच.

चेक परतल्याची नोटीस आलीच तर ती हातात पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली की तो गुन्हा होत नाही. हे १५ दिवस वाया घालवू नका.

वसुलीवाले दिवसातून तीस-तीस फोन करतात. याला काही नियम आहे की नाही?

आहे. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं आहे की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, निनावी फोन, सतत फोनचा मारा, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या किंवा मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसखोरी आणि खोटी माहिती देऊन घाबरवणं, हे सगळं त्यात मना आहे.

दुसरा मुद्दा त्याहून कामाचा आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच राहते. "ते आमचे लोक नाहीत" असं म्हणून बँकेला हात वर करता येत नाहीत. म्हणून फोनवरच्या पोराशी भांडण्यात शक्ती घालवू नका. त्याला महिनाअखेरचं टार्गेट असतं. त्याचं नाव, एजन्सी, नंबर आणि वेळ टिपून घ्या आणि बोला बँकेशी.

फोन उचलायचाच नाही, असं मात्र करू नका. एकदा उचलून शांतपणे सांगा: "थकबाकी मला माहीत आहे. सध्या भरता येत नाही. जे काय असेल ते बँकेच्या ईमेलवरून लेखी पाठवा." एवढं सांगून ठेवून द्या. "येत्या सोमवारी नक्की भरतो" असलं खोटं वचन देऊ नका. तो ते कॉम्प्युटरवर नोंदवतो आणि मंगळवारपासून तगादा दुप्पट होतो.

एजंट घरी आला तर?

घरी येणं बेकायदा नाही, दादागिरी बेकायदा आहे. त्याच्याकडे ओळखपत्र आणि तुमच्या खात्यासाठी बँकेने दिलेलं अधिकारपत्र असायला हवं. दोन्ही मागा, मोबाइलवर फोटो काढा. खरा एजंट सहसा नाही म्हणत नाही. जो "अधिकारपत्र ऑफिसात आहे" म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा. घरात घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. टीव्ही, गाडी, भांडी, मोबाइल यांतलं काहीही त्याला नेता येत नाही. जप्ती फक्त कोर्टाच्या आदेशाने होते आणि ती करायला कोर्टाचा बेलिफ येतो, टी-शर्टातला माणूस नाही.

सोसायटीच्या वॉचमनला ऐकू जाईल असं ओरडणं, शेजारच्या काकूंना "यांनी बँकेला बुडवलंय" म्हणून सांगणं, हे ठरवून केलेले प्रकार असतात. पैशापेक्षा लाज लवकर कामाला येते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. असं काही झालं तर वॉचमनच्या वहीतली नोंद, सीसीटीव्हीची वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. दार अडवून बसला, जात नाही, अंगावर येतो, अशा वेळी ११२ लावा.

गावी आईला फोन जातात. ऑफिसात साहेबांना गेला. हे चालतं का?

नाही. आई जामीनदार नाही, तिची सहीही नाही, मग तिचा संबंध संपला. नवरा-बायको, भावंडं, आईवडील, कार्डाच्या अर्जावर ज्यांचे नंबर दिले ते मित्र, यांपैकी कुणीही तुमचं बिल देणं लागत नाही. ॲड-ऑन कार्डावर खर्च कुणीही केलेला असो, मागणी मूळ कार्डधारकाकडे होते.

आईला आधीच सांगून ठेवा, हा माझा प्रामाणिक सल्ला. लपवलेल्या कर्जावर वसुलीवाला घरात फार सहज घुसतो. "तुमच्या मुलाला आज उचलणार" हे तिने पहिल्यांदा परक्याच्या तोंडून ऐकलं तर तिच्या पोटात गोळा येईल आणि ती पाटल्या विकायला निघेल. आधीच माहीत असेल तर ती "त्याच्याशीच बोला" म्हणून फोन ठेवून देईल.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी बँकेकडे, आणि लेखी. कस्टमर केअरला केलेल्या फोनचा पुढे पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकारी आणि नोडल अधिकारी यांचे ईमेल असतात. मजकूर असा पुरतो:

"माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीने अमुक तारखेला रात्री ९.१० वाजता अमुक नंबरवरून फोन करून शिवीगाळ केली व माझ्या आईला अटकेची धमकी दिली. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचं नाव व अधिकारपत्र कळवावं. यापुढे माझ्याशी या ईमेलवर अथवा सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत फक्त माझ्या नंबरवर संपर्क करावा. थकबाकीबाबत तोडगा काढण्यास मी तयार आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. हा कागद उद्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाने (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) वाचला किंवा न्यायाधीशाने, तर तुम्ही पळ काढत नव्हता हे त्यातून दिसतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. तेव्हा मात्र फार दिवस थांबू नका, मुदत असते. लोकपाल छळाची दखल घेतो. "मला ६० टक्के सूट द्या" ही मागणी त्याच्याकडे चालत नाही, कारण सूट देणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. तोच वाद आधीच कोर्टात किंवा लवादात असेल तरीही तो तक्रार घेत नाही.

जिवे मारण्याची धमकी, बाईमाणसाला घाणेरडं बोलणं, फोटो मॉर्फ करून पाठवणं असं काही असेल तर थेट पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेत फौजदारीपात्र धाकदपटशा कलम ३५१ मध्ये आहे. ठाण्यात बऱ्याचदा "एनसी करून घ्या" म्हणतात, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तीही करून घ्या, प्रत मागा. ऑनलाइन छळासाठी सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन १९३०.

व्हॉट्सॲपवर "अटकेपूर्वीची अंतिम नोटीस" आली आहे. खरी आहे का?

बहुधा नाही. अशा नोटिसा एकाच साच्यातल्या असतात. वर तीन सिंहांची राजमुद्रा, शेजारी तराजू, मधे लाल ठळक अक्षरं, खाली दिल्लीच्या एखाद्या कोर्टाचं नाव आणि गोल शिक्का. उत्तर द्यायची मुदत दोन तास. आणि फोन करायला एक मोबाइल नंबर. कोर्ट कुणालाही मोबाइल नंबर देऊन "तडजोडीसाठी संपर्क करा" असं लिहीत नाही.

कलमं वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. त्याआधीच्या घटनांना जुनं ४२० लागू शकतं, पण गेल्या महिन्यात थकलेल्या बिलावर "कलम ४२० व ४०६ अन्वये वॉरंट" असं लिहून आलं, तर लिहिणाऱ्याने साचासुद्धा बदललेला नाही.

पक्की तपासणी दोन मिनिटांची आहे. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांचा एमएचपासून सुरू होतो. तो ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये टाका. पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. तिथे प्रकरण दिसलं तर वकील गाठा. क्रमांकच दिला नसेल तर नोटिशीला फारसा अर्थ नाही. तिचा स्क्रीनशॉट मात्र ठेवा, तक्रारीला जोडायला होतो.

"अमुक ठाण्याचा पीएसआय बोलतोय" असा फोन आला तर नाव आणि ठाणं विचारा, फोन ठेवा आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे लावा. पोलीस असल्याची बतावणी हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वकिलाची नोटीस टपालाने आली. म्हणजे केस झाली का?

नाही. वकिलाची नोटीस म्हणजे बँकेच्या वतीने लिहिलेलं मागणीपत्र. ते आल्याने दावा दाखल होत नाही आणि "सात दिवसांत भरा" यातले सात दिवस वकिलाने घातलेले असतात. पण घ्या ती. पोस्टमनला "घर बंद" सांगायला लावण्यात काही हशील नाही, कारण योग्य पत्त्यावर पाठवलेलं आणि नाकारलेलं टपाल मिळाल्यासारखंच धरलं जातं.

उत्तर द्यावं का? रक्कम चुकीची असेल, कार्ड तुमचं नसेल, आधीच तडजोड झालेली असेल किंवा चेकचा उल्लेख असेल तर नक्की द्यावं, तेही वकिलाकडून. बाकी वेळी हिशेबाचा तपशील मागणारं साधं पत्र पुरतं.

लोकअदालतीची नोटीस आली. गेलो नाही तर वॉरंट निघेल असं एजंट म्हणतो.

थाप आहे. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका हजारो दाखलपूर्व प्रकरणं ठेवतात, म्हणजे ज्यांत दावा अजून लागलेलाच नाही. तिथे तडजोड दोघांच्या राजीखुशीने होते. न गेल्याने शिक्षा नाही, जाऊन नाही म्हटलं तरी नाही.

तरीही शक्य असेल तर जा, असं मी सांगेन. नोटिशीवरचं ठिकाण तुमच्या तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं न्यायालय आहे ना, हे आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. तिथे बँकेचा निर्णय घेऊ शकणारा माणूस समोर टेबलाशी बसलेला असतो आणि फोनवर पाच टक्के न सोडणारे लोक तिथे बरंच सोडतात. सही करण्याआधी मात्र दहा वेळा विचार करा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. भरता येणार नाही असा आकडा गर्दीत, घाईत कबूल केलात तर पुढची जप्ती त्याच कागदावर होते.

चेन्नईहून कुणा लवादाचा ईमेल आला आहे.

कार्डाच्या करारात लवादाचं कलम बारीक अक्षरात असतं. बँक स्वतःच लवाद नेमते, ऑनलाइन सुनावणी लावते आणि कुणी हजर नाही म्हणून एकतर्फी निवाडा होतो. हा ईमेल स्पॅममध्ये पडला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणापासून एका पक्षाने परस्पर लवाद नेमण्याला आक्षेपार्ह ठरवलं आहे. म्हणून लगेच लेखी कळवा: "या नेमणुकीला माझी संमती नाही, लवाद व सुलह अधिनियमाच्या कलम १२(५) नुसार माझा आक्षेप आहे." गप्प राहू नका. निवाडा हातात आला असेल तर तो रद्द करून घ्यायला तीन महिने असतात, फार तर पुढे आणखी तीस दिवस. या टप्प्यावर वकील हवाच.

खरंच कोर्टाचं समन्स आलं. आता?

आता हलायचं. समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख आणि शिक्का असतो, सोबत दाव्याची प्रत असते. ते मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा, कारण सगळ्या मुदती तिथून मोजतात.

साध्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारण बघून ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दावा 'समरी सूट' असेल, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा झटपट चालणारा, तर फक्त दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. पुढे बचावाची परवानगी मागायलाही दहाच दिवस. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात आणि मुदत गेली, असं व्हायला वेळ लागत नाही.

"देणं तर आहेच, मग कैफियत कशाला?" असं बरेच जण म्हणतात. कारण आकडा. दाव्यातल्या रकमेत मुद्दल किती, व्याज किती, दंड किती हे कोर्टासमोर उघडावं लागतं. हजर राहिलात तर हप्ते मागता येतात. बँकेचा वकीलही बहुधा तारखेला तडजोडीची भाषा बोलतो, कारण त्यालाही दावा वर्षानुवर्षं भिजत घालायचा नसतो. गेलाच नाहीत तर मागितलेली सगळी रक्कम व्याजासकट एकतर्फी मंजूर व्हायची शक्यता दाट. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

हुकूमनामा झाला तर काय काय जप्त होऊ शकतं?

बँकेला त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते आणि तिला १२ वर्षांची मुदत असते. म्हणजे आज टाळलेला हुकूमनामा मुलाच्या लग्नाच्या वर्षी समोर येऊ शकतो.

पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. धरायचा पगार महिना ३१,००० असेल तर २१,००० ला हात लागत नाही, १०,००० पर्यंत जप्ती होऊ शकते, आणि तीही एका हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी, सरकारी पेन्शन, आयुर्विम्याची रक्कम यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण आहे. बँक खातं, मुदतठेव, गाडी, फ्लॅट यांना ते सहसा नाही.

"सरफेसी लावून घर सील करतो" ही धमकी मात्र पोकळ आहे. तो कायदा तारण ठेवलेल्या मालमत्तेसाठी आहे आणि साध्या कार्डावर तारण नसतं.

माझं पगार खातं त्याच बँकेत आहे.

मग ते आजच दुसऱ्या बँकेत न्या. बँका आपल्याकडच्या खात्यातल्या शिलकीवर लियन लावतात, म्हणजे थकबाकीपोटी ती अडवून ठेवतात, आणि पगाराच्या दिवशी एटीएममधून पैसे निघत नाहीत तेव्हा माणसाला कळतं.

तीन वर्षं झाली की कर्ज संपतं, हे खरं का?

अर्धवट खरं. मुदत कायदा १९६३ नुसार दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्या मुदतीत तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडे पैसे भरून त्याची लेखी नोंद झाली, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. "फक्त ५०० रुपये टाका, फाइल चालू राहते" असा आग्रह होतो त्यामागे अनेकदा हेच असतं. मुदत उलटून गेल्यावरही सही करून पैसे द्यायचं वचन दिलंत तर ते वचन नवा करार ठरू शकतं. जुन्या कार्डाच्या कुठल्याही कागदावर म्हणूनच विचारल्याशिवाय सही नको.

मुदत गेली तरी कोर्टाचं दार तेवढं बंद होतं. सिबिलमधली (कर्जफेडीचा इतिहास ठेवणारी कंपनी) नोंद लगेच पुसली जात नाही. तीन वर्षं लपून काढण्याच्या बेताने मी कुणाला सुखी झालेलं पाहिलं नाही.

४०,००० चे एवढे कसे झाले?

बऱ्याच कार्डांवर व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एक लाख बाकी असेल तर महिन्याचं व्याज ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. तुम्ही पाच हजार भरलेत तर मुद्दलातून गेले ८७०. 'मिनिमम ड्यू' भरत राहणाऱ्याचं कर्ज का हलत नाही, ते एवढ्यात कळेल. ३० टक्क्यांवर व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता; डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे नुसतं "व्याज फार आहे" हा बचाव आता लंगडा पडतो.

हिशेब मात्र मागा. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्ड नियमांत आहे. आणि एक कार्ड भरायला दुसरं कार्ड, ते भरायला लोन ॲप, हा याची टोपी त्याला घालण्याचा खेळ आज थांबवा. घरभाडं, किराणा, शाळेची फी, गृहकर्ज हे आधी. विनातारण कार्ड त्यानंतर.

सेटलमेंट कशी करावी?

हातात एकरकमी पैसे असतील तेव्हाच बोलणी सुरू करा. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातलं, होतं, त्यानंतर बँक सूट द्यायला जास्त राजी असते, आणि मार्चअखेर जवळ आली की आणखी. पहिला देकार कधीच शेवटचा नसतो.

पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र हवं. त्यात तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार अंक, तडजोडीची रक्कम, तारीख आणि "उरलेली रक्कम माफ, यानंतर काही येणे नाही" असा मजकूर. ते पत्र शाखेत दाखवून किंवा कस्टमर केअरला विचारून खरं करून घ्या. रक्कम थेट कार्ड खात्यात भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, त्याने कितीही "साहेब, मी भरतो ना" म्हटलं तरी. मग बेबाकी दाखला (नो ड्यूज सर्टिफिकेट) घ्या आणि तो दहा वर्षं जपा. कर्ज नंतर मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं जातं, तिच्या यादीत तुमचं नाव चुकून राहतं आणि पाच वर्षांनी नव्याने फोन येतो. तेव्हा हा कागदच उत्तर देतो.

सिबिलवर अशा खात्यापुढे 'सेटल्ड' येतं, 'क्लोज्ड' नाही. गृहकर्ज घ्यायचा विचार दोन-तीन वर्षांत असेल तर थोडे जास्त पैसे घालून पूर्ण रक्कम भरणं परवडतं. नोंद चुकीची असेल तर बँकेला आणि सिबिलला लिहा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

"आम्ही तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो" अशा कंपन्यांची जाहिरात येते.

त्या दर महिन्याला फी घेतात, बिल भरणं थांबवायला सांगतात आणि शेवटी तुम्ही स्वतः लिहिलं असतं तेच पत्र बँकेला लिहितात. त्या पैशात वकील येतो.

कार्डधारक वारला तर?

वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवावं. मयताची मालमत्ता जेवढी वारसांकडे आली असेल तेवढ्यापुरतीच वसुली होऊ शकते. वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. दहाव्याच्या आत फोन करणारे महाभाग असतात. त्यांना काही कबूल करू नका, सही करू नका.

झोप लागत नाही. नको ते विचार येतात.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं, फुकट आहे. आज लावा. कार्डाचं काम पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.

वकील परवडत नाही.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. जाताना समन्स आणि त्याचं पाकीट, गेल्या वर्षभराची कार्डाची बिलं, बँकेशी झालेला पत्रव्यवहार आणि आधार कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा.